दप्तरखाना आणि झिरा

जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्याचा आराखडा आमच्याकडे होता. समितीला इमारत दिसायलाच नको होती. टेकाडाच्या कुशीत खोली, वर गवत, आत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. चित्र देखणं निघालं. चित्र आधी आणि खड्डा नंतर, इथंच आमचं चुकलं.

जागा धुळ्याच्या पश्चिमेला, एका डाइकच्या पायथ्याशी. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या अशा नैसर्गिक भिंती कोसच्या कोस जातात, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम. आराखड्याला ते सोयीचं: लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात, मावळतीचं ऊन फक्त अरुंद बाजूवर. पण भेगाळ डाइकच्या कडेनं पाणी वाहतं, नाहीतर तुंबतं. गावच्या विहिरी कुठल्या ओळीत आहेत, एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं.

पावसाला सुरुवात झाली आणि तीन मीटरचा खड्डा घेतला. वर काळी माती, खाली मुरूम, आणि डाइकच्या अंगानं बोटभर धार. विहिरी खोदणारे एक बाबा काठावर उकिडवे बसले होते. "भाऊसाहेब, आठे झिरा शे," म्हणाले; म्हणजे इथं झरा आहे. आमच्या माती-अहवालात हे वाक्य नव्हतं.

ठेकेदार म्हणाला, पाणी अडवणारं मेम्ब्रेन मारू. पुरलेल्या भिंतीचं मेम्ब्रेन फाटलं तर दुरुस्तीला पोचणार कुठून? शिवाय जमिनीतला गारवा म्हणजे काही एसी नव्हे. तीन मीटरवर वर्षभराची सरासरी मिळते, खानदेशात ती 27 अंशांच्या आसपास. कागदाला 20च्या जवळपास हवं, आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत. 65च्या वर गेली की बुरशी. उन्हाळ्यात खडखडीत, श्रावणात ओलं; हा झोकाच कागदाला मारतो.

म्हणून कोठार वर काढलं. काळी माती पूर्ण उपसून पाया मुरमाखाली खडकावर, कारण भरलेल्या सरकत्या रॅकचं वजन चौरस मीटरला हजार किलोच्या वर जातं आणि ही माती फुगते-आकसते. बाहेर 450 मिलिमीटर दगडी भिंत, मधे 75ची पोकळी, आत 230ची वीट. स्लॅबवर हवा खेळती ठेवून दुसरं छप्पर, त्याची कड डाइकच्या माथ्याखाली. कागदाच्या डोक्यावर माती आणि मुळं नकोत, यावर मात्र आम्ही हटलो नाही. जोत्यात वाळवीचा उपचार, पाण्याचा एकही नळ कोठारावरून नाही.

वाचनकक्ष अजून अर्धा जमिनीतच आहे, समितीच्या हट्टापायी. दसऱ्यानंतर पाहिलं तर खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. निमंत्रणपत्रिकेवर अजून ते जुनंच चित्र आहे.