अर्ली अर्जाच्या आधीची धाकधूक

ऑक्टोबर अर्धा सरला की अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांना अर्ली, म्हणजे जानेवारीतल्या नेहमीच्या (रेग्युलर) फेरीआधी, साधारण एक नोव्हेंबरच्या मुदतीत अर्ज करणाऱ्या मुलांचं एक ठरलेलं होतं. सुट्टीत पक्का झालेला निबंध एकाएकी पोरकट वाटायला लागतो. ज्या बक्षिसाचं इतके दिवस कौतुक होतं, ते अर्जात लिहायचीही लाज वाटते. मग ‘एक नोव्हेंबर जाऊ दे, रेग्युलरमध्येच बघू’ हा विचार डोकं वर काढतो. कधी तो शहाणपणाचा असतो, कधी निव्वळ भीतीचा. दोन्हींतला फरक ओळखता येतो आणि त्यासाठी ‘मी त्या लायकीचा किंवा लायकीची आहे का’ याचा निकाल आधी लावावा लागत नाही.

तो निकाल कुणालाच लावता येत नाही. हार्वर्डने २०२४ साली दाखल होणाऱ्या तुकडीसाठी ५४,००८ अर्जांमधून १,९३७ जणांना प्रवेश देऊ केला, म्हणजे ३.६ टक्के. तिथला अभ्यास नीट झेपेल अशी मुलं उरलेल्या पन्नास हजारांत कितीतरी असतात. निवड करणारे एक तुकडी जुळवत असतात: विषय, प्रदेश, खेळ, संगीत, घरची परिस्थिती, सगळ्यांचा मेळ बघत. त्या वर्षी त्यांना नेमकं काय हवं आहे, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे नकार आला तर त्यातून तुमच्या कुवतीबद्दल फार थोडं कळतं. होकारातूनही लोक समजतात तेवढं कळत नाही.

अर्लीचे आकडे ही शंका आणखी वाढवतात. त्याच वर्षी हार्वर्डकडे अर्लीला ७,९२१ अर्ज आले आणि ६९२ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे ८.७ टक्के. हे बघून एकाला वाटतं की अर्ली चुकवली तर संधी गेली, आणि दुसऱ्याला वाटतं की अर्लीला सगळे तयारीचे गडी असतात, त्यांच्यापुढे आपण फिके पडू. दोन्ही अंदाज कच्चे आहेत. विद्यापीठाच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू बहुतेक अर्लीतूनच येतात, माजी विद्यार्थ्यांची मुलंही तिथे जास्त असतात. ती बाजूला काढली तर साध्या अर्जदाराचा फायदा बराच आटतो. दुसरी गोष्ट, तुमचा अर्ज मधल्या पट्ट्यात पडला तर तो बहुधा डिफर होतो, म्हणजे रेग्युलरच्या गठ्ठ्यात पुन्हा वाचला जातो. त्या वर्षी हार्वर्डने अर्लीच्या पाचांतल्या चाराहून जास्त अर्जदारांना डिफर केलं. स्टॅनफर्डची रीत वेगळी. तिथे डिफर फार थोडे होतात आणि बहुतेकांना डिसेंबरमध्येच अंतिम उत्तर मिळतं. अर्लीत नकार आला तर त्याच वर्षी तिथे रेग्युलरला पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून कच्चा अर्ज कुठे पाठवतो आहोत, यालाही महत्त्व आहे.

आपण अर्ली करावी की नाही, हे मनाच्या उभारीवर ठरवू नये. अर्जाची तयारी, पैसा आणि पहिली पसंती या तीन गोष्टींवर ते ठरतं.

तयारी तपासणं सोपं आहे. अर्लीला वाचणाऱ्यांच्या हातात अकरावीपर्यंतचे गुण असतात, बारावीचे फार तर सुरुवातीचे. दहावीत घसरण होऊन अकरावीत सावरलात आणि बारावीच्या पहिल्या सत्रात गुण आणखी चढणार असतील, तर रेग्युलरला तुमचं चित्र खरोखरच बरं दिसेल, थांबा. सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचा हवा तो स्कोअर ऑक्टोबरपर्यंत हाती नसेल आणि विद्यापीठ तो मागत असेल, तरीही थांबा. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, ब्राउन, डार्टमथ, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये परीक्षेची अट परत आणल्याचं जाहीर केलं, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका. पण गुण, स्कोअर आणि शिफारसपत्रं जागेवर आहेत, निबंध दोन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा वाचला तेव्हा आपलाच वाटला, आणि तरीही ‘अजून थोडं काहीतरी हवं’ अशी हुरहुर असेल, तर ती भीती आहे. दोन महिन्यांत माणूस बदलत नाही. जानेवारीत तेच अर्जपत्र जाईल, फक्त जास्त खोडलेलं.

पैशाचं जास्त खोलात बघावं लागतं, कारण इथे भिडेपोटी चुकीची सही होते. अर्ली डिसिजन म्हणजे बांधिलकी. विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात, आणि प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात. कोलंबिया, ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ, पेन, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न इथे ही पद्धत आहे. विद्यापीठाकडून मिळालेली आर्थिक मदत खरोखरच अपुरी असेल तर या करारातून सुटता येतं, पण दोन विद्यापीठांच्या मदतीची तुलना करून निवडण्याची मुभा राहत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची अर्ली बांधून घेत नाही. मात्र त्या काळात दुसऱ्या खासगी अमेरिकन विद्यापीठाकडे अर्ली अर्ज करायचा नाही, अशी त्यांची अट असते. सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठं यांना साधारणपणे मोकळीक आहे, तरी प्रत्येकाचा नियम शब्दन् शब्द वाचा. एमआयटीच्या अर्लीत अशी आडकाठी नाही, पण तिथला अर्ज कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, नसतो, त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर भरायचा असतो.

परदेशी अर्जदाराने आणखी एक बघायचं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ ही परदेशी मुलांनाही घरच्या पैशाकडे न बघता निवडतात. स्टॅनफर्डसह बहुतेक ठिकाणी परदेशी अर्जदाराने मदत मागितली की ती गोष्ट निवडीत मोजली जाते. म्हणून काही घरांत ‘आत्ता मागू नका, प्रवेश मिळाल्यावर बघू’ असा सल्ला दिला जातो. तो घातक आहे. अनेक विद्यापीठांचा नियम असा, की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही तर पुढची चारही वर्षं मागता येत नाही. सप्टेंबरमध्येच आईबाबांसोबत बसा, वर्षाला जास्तीत जास्त किती डॉलर देता येतील तो आकडा कागदावर लिहा आणि त्या आकड्यावर अर्ली डिसिजन परवडते का ते बघा. हा आकडा माहीत नसताना येणाऱ्या अस्वस्थतेला पुष्कळदा आत्मविश्वासाचा अभाव समजलं जातं.

पहिल्या पसंतीबद्दल थोडकंच. ते विद्यापीठ रँकिंगमध्ये वीस जागा खाली गेलं तरी तिथे जाल का? उत्तर देताना अडखळलात तर बांधिलकीची सही करू नका.

शंकेमुळे खरं नुकसान होतं ते अर्जाच्या मजकुराचं. ज्याला आपलं काम लहान वाटतं तो ते फुगवतो, आणि फुगवलेलं वाचणाऱ्याला लगेच कळतं. कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला मोकळ्या जागा धरून १५० अक्षरं मिळतात. घाबरलेला मुलगा तिथे लिहितो: ‘गणित मंडळाचं नेतृत्व केलं, विविध उपक्रम राबवले, विद्यार्थ्यांत गणिताची गोडी निर्माण केली.’ यात काहीच दिसत नाही. तेच काम असं लिहिता येतं: ‘दर शनिवारी नववीच्या १४ मुलांना भूमिती, ६० प्रश्नांचा संच स्वतः तयार केला, संच आता शाळेत वापरात.’ काम तेवढंच आहे, पण दुसऱ्या ओळीत माणूस दिसतो. दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत असंही नाही. सहा खरे उपक्रम आणि चार ओढूनताणून आणलेले, यापेक्षा नुसते सहा बरे. धाकट्या भावंडांना सांभाळणं, घरच्या दुकानात बसणं हेही उपक्रमच आहेत आणि त्यांसाठी रीतसर पर्याय दिलेले आहेत. मुलं नेमकं हेच गाळतात.

निबंधात शंका तीन वाटांनी शिरते. एक, जड शब्द. बोलताना जो शब्द कधी वापरत नाही तो लिहिला असेल तर काढा. दोन, माफी. ‘माझं यश फार मोठं नसलं तरी’ अशी सुरुवात करून पुढे जे येतं तेच खरं वाक्य असतं. आधीचा तुकडा कापा. तीन, सल्लागारांची गर्दी. साडेसहाशे शब्दांच्या निबंधावरून सात जणांनी हात फिरवला की प्रत्येकाला खटकलेलं एकेक वाक्य जातं, आणि शेवटी कुणालाच न खटकणारा, कुणाच्याच लक्षात न राहणारा मजकूर उरतो. दोनच वाचक ठेवा, त्यांतला एक तुम्हाला नीट ओळखणारा. त्यांना ‘कसा झालाय’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘छान’ येतं. ‘कुठे कंटाळा आला’ आणि ‘हे मीच लिहिलंय असं कुठे वाटलं’ एवढंच विचारा. ‘आमचंच विद्यापीठ का’ या उत्तराची परीक्षा त्याहून सोपी आहे. विद्यापीठाचं नाव पुसून दुसरं घाला. वाक्य तरीही चालत असेल तर ते निकामी आहे.

शाळेकडून येणाऱ्या गोष्टींवरूनही मुलं उगाच धसका घेतात. शाळा वर्गातला क्रमांक देत नसेल तर तो रकाना ‘नाही’ असा निवडायचा, त्याने काही बिघडत नाही. शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क सोडता का, या प्रश्नाला ‘हो’ म्हणावं, नाहीतर शिक्षकांनी मोकळेपणाने लिहिलं आहे यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. भारतीय शाळेने असं पत्र पूर्वी कधी लिहिलं नसेल तर शिक्षकांना एक पान द्या: वर्गात कोणता प्रश्न विचारला होता, कोणत्या प्रकल्पात काय अडलं, कसं सोडवलं. ‘हुशार आणि आज्ञाधारक’ एवढ्यावर थांबणारी पत्रं बहुतेक माहितीअभावी तशी होतात.

अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नये. कॉमन ॲपची वेळ अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११.५९ ची असते. आदल्या दिवशी पीडीएफ उघडून प्रत्येक पान वाचा, कारण निबंध चिकटवताना परिच्छेद तुटतात. काही विद्यापीठांचा पुरवणी लेखनाचा भाग, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांची उत्तरं, वेगळा सबमिट करावा लागतो. मुख्य अर्ज गेला म्हणून लॅपटॉप मिटला आणि पुरवणी तशीच राहिली, हे दरवर्षी घडतं.

अर्ज गेल्यावर दुसऱ्या दिवशी एक चुकलेलं अक्षर सापडतंच. ते सोडून द्या. गुण, तारीख किंवा बक्षीस चुकीचं लिहिलं गेलं असेल तरच प्रवेश कार्यालयाला दोन ओळींची मेल करा. पोर्टलवर शिफारसपत्र कित्येक दिवस ‘मिळालेलं नाही’ असं दिसू शकतं, कारण कागद नोंदवायलाच त्यांना वेळ लागतो. शाळेचे कागद मुदतीनंतर थोडे उशिरा पोचले तरी सहसा चालतात. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, यावरून काही अंदाज बांधू नका. तुमच्या भागात माजी विद्यार्थी उपलब्ध आहेत का, यावर ते अवलंबून असतं. आणि दुसऱ्यांचे स्कोअर, पदकं, निकाल ऑनलाइन वाचणं नोव्हेंबरभर बंद ठेवा. तिथे लिहिणारे बहुतेक यशस्वी ठरलेले किंवा फार घाबरलेले असतात. मधले हजारो गप्प असतात.

त्या वेळात रेग्युलरचे अर्ज लिहून काढा. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि रेग्युलरच्या मुदती एक ते पाच जानेवारीच्या आसपास असतात. नकार पचवत दोन आठवड्यांत आठ विद्यापीठांची पुरवणी उत्तरं लिहायला बसलं की प्रत्येक ओळीत पडेल सूर लागतो. नोव्हेंबरअखेर लांब उत्तरांचे मसुदे तयार असले की डिसेंबरात फक्त हात फिरवायचा राहतो. पालकांनीही या महिनाभरात ‘काही कळलं का’ हा प्रश्न टाळावा. निकालाची तारीख सगळ्यांना माहीत असते.

डिफर झालात तर पोर्टलवर काय लिहिलंय ते आधी वाचा. काही विद्यापीठं पत्र मागतात, काही नको म्हणतात, एमआयटी फेब्रुवारीत त्यासाठी वेगळा फॉर्म देतं. पत्र चालत असेल तर तीनचारशे शब्दांचं एकच पाठवा. त्यात नवे गुण, अर्जानंतर पूर्ण झालेलं एखादं काम, आणि ते विद्यापीठ अजूनही पहिली पसंती असेल तर तसं स्पष्ट वाक्य. अर्जातलं जुनं पुन्हा सांगू नका आणि निर्णयावर वाद घालू नका. सहामाही गुण शाळेकडून वेळेत जात आहेत ना, हे स्वतः विचारून घ्या.

अर्ली डिसिजनमध्ये डिफर झालेल्याची बांधिलकी सुटते. त्याला शिकागो, व्हँडरबिल्ट, एमोरी, टफ्ट्स अशा ठिकाणी अर्ली डिसिजनची दुसरी फेरी करता येते. तिची मुदत साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि उत्तर फेब्रुवारीत. ही सही निकालाच्या रात्री करू नका. सप्टेंबरात कागदावर लिहिलेला वर्षाचा आकडा पुन्हा काढा, नव्या विद्यापीठाच्या खर्चाशी ताडून बघा, आणि नाताळनंतर घरच्यांसोबत ठरवा. तेवढे दिवस हातात असतात.