मारबत जळते, पाट्यांचं काय?

नागपुरात मारबत, म्हणजे गावातली इडापीडा घेऊन जाणारा बाईच्या रूपातला मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दोघींचं दहन ठरलेलंच. ती परंपराच तशी आहे, त्यामुळे पुतळे जपायचा प्रश्न येत नाही. मी गोळा करते त्या बडग्यांच्या, म्हणजे मारबतींसोबत निघणाऱ्या, चालू प्रश्नांवर टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांच्या, गळ्यातल्या पाट्या. म्हणजे पाट्यांवरचा मजकूर.

भोसले घराण्यातल्या बांकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून काळी मारबत निघते, ही कथा दर पोळ्याला पेपरात येते. गल्लीतल्या पोरांनी रात्र जागून जुळवलेलं महागाईवरचं, खड्ड्यांवरचं यमक मात्र कोणी छापत नाही. "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत" झालं की तेही राख.

आता फोन सगळ्यांच्या हातात आहेत, पण रीलवर गाणं चढवलेलं असतं, घोषणा ऐकूच येत नाहीत. पाटी अर्धी कापलेली, कारण पुढे सेल्फीवाल्याचं डोकं! ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोची साइझ घटते आणि फोनने नोंदवलेली तारीख, जागा बहुतेक वेळा गळून पडते. म्हणून मी मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागते. लोक वैतागतात. वैतागू देत.

जुने छापील फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करते, दर्जा न घटवणाऱ्या टिफ फाइलमध्ये, मागची बाजूसुद्धा. साल बहुधा तिथेच पेनने लिहिलेलं सापडतं. फाइलच्या नावात साल, गल्ली, विषय. प्रती तीन, त्यातली एक माहेरी.

शेजारच्या काकाजींकडे एक कृष्णधवल फोटो मिळाला. "कायले पाह्यजे तुले हे? जयून गेलं ते केव्हाच," म्हणाले. पाटी अंधुक होती, म्हणून म्हटलं, आठवतं का काही? त्यांनी डोळे मिटून अख्खं कवन म्हटलं, चालीसकट. फोटोत न मावलेल्या ओळीसुद्धा, एका दुकानदाराच्या तराजूच्या काट्यावर टोमणा मारणाऱ्या! मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. मग तेच म्हणाले, "त्याचा नातू याच गल्लीत राह्यते, बाई. हे इंटरनेटवर नको टाकू."

नाही टाकलं. फोटो सगळ्यांसाठी आहे, तो आवाज सध्या माझ्या हार्ड डिस्कवर. जपलेलं सगळं लगेच जगाला दाखवलंच पाहिजे, हे मला पटत नाही.

यंदा मिरवणुकीला जाणार असाल तर पाटीसमोर जरा थांबा. पूर्ण पाटी फ्रेममध्ये घ्या, आणि व्हिडिओ सुरू करताच आधी साल आणि गल्लीचं नाव मोठ्यानं बोला. गाणं नंतर चढवा, पण मूळ क्लिप डिलीट करू नका.