हिरवी अक्षरं

यवतमाळकडच्या आमच्या गावात माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात दिवसभर कमांड प्रॉम्प्टची, म्हणजे हुकूम टाइप करायची, काळी खिडकी उघडी असते. तिच्यात नेट चालू आहे का ते बघणारं पिंग चालू. गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला दर सेकंदाला हाक मारायची, ओ आली की एक ओळ उमटते. नेट गेलं की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’. झेरॉक्सपाशी उभं राहूनही दिसावं म्हणून अक्षरं चांगली २८ ची, हिरवीगार केलेली. इंग्रजीचा गंध नसलेली माणसंही आता बाकड्यावरून विचारतात, “टाइम आऊट झालं का बाप्पा?”

परवा सकाळी खिडकी उघडली तर अक्षरं पांढरी, मुंगीएवढी. शेजारचे मामाजी डोळे बारीक करून म्हणाले, “दिसून नाई रायलं गा.”

‘कलर ०ए’ टाइप केलं. हिरवं झालं, पण खिडकी बंद केली की ते तिच्याबरोबरच जातं. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रंग, फॉन्ट सगळं नीट लावलं. विंडोज आणि आर दाबून उघडली, तर झकास. तीच स्टार्ट मेन्यूतून उघडली, तर पुन्हा मुंग्या! तासभर डोकं खाजवलं. बाहेर ऊन असं, की कूलरही गरम वारा फेकत होता.

मग लक्षात आलं. ही खिडकी आपण कोणत्या दारानं आलो ते बघते. शॉर्टकटवरून उघडलं तर त्यात केलेले बदल त्या शॉर्टकटच्या फाइलीतच जाऊन बसतात. स्टार्ट मेन्यूतली कमांड प्रॉम्प्ट हीसुद्धा एक शॉर्टकटच. नाव टाइप करून उघडलं तर बदल रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, ‘कन्सोल’ नावाच्या कप्प्यात, खिडकीच्या शीर्षकाखाली. प्रत्येक दाराची वही वेगळी. आमच्या घरीही तसंच आहे म्हणा. समोरच्या दारानं येणाऱ्याला खुर्ची आणि पाणी, सांदवाडीतून येणाऱ्याला आई सरळ म्हणते, “आला का, त हे तुरी पाखड.” माणूस तोच.

म्हणजे माझी हिरवी अक्षरं डेस्कटॉपवरच्या जुन्या शॉर्टकटात होती. तो कुठं गेला? पुतण्या सुट्टीत आलेला.

“काका, म्या त फक्त डेस्कटॉप साफ केला. कचराच कचरा होता.”

रिसायकल बिन त्यानं रिकामा केला नव्हता, एवढं नशीब. चाळीस-पन्नास फाइलींच्या ढिगात शॉर्टकट सापडला. रिस्टोअर केला, दोनदा क्लिक केलं. हिरवी, जाडजूड अक्षरं सरसर उतरू लागली.

“दिसून रायलं का आता, मामाजी?”

“हो ना,” मामाजी चष्मा पुसत म्हणाले, “चांगलं दिसून रायलं. टाइम आऊट हाये.”