तुम्ही विचारलंत म्हणून: लस आहे, चाचणी आहे, मग अडतं कुठे?

'गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर लस आहे, चाचणी आहे, वेळेत कळलं तर बरा होतो म्हणतात. मग बायका अजून मरतात कशा?' मी काय काम करते हे सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संशयही असतो, की यात काहीतरी लपवताय तुम्ही लोक.

मी डॉक्टर नाही. तपासणीच्या कार्यक्रमात माझ्याकडे वही असते. आता ती संगणकात गेली, पण आम्ही अजून वहीच म्हणतो. तपासायला कोण आलं, रिपोर्ट काय आला, कोणाला परत बोलावलं आणि त्यातलं कोण फिरकलंच नाही, एवढंच तिच्यात असतं. म्हणून माझं उत्तरही वहीतलंच.

एक ओळ सांगते. वय ४२, एचपीव्ही पॉझिटिव्ह (म्हणजे या कॅन्सरला कारणीभूत ठरू शकणारा विषाणू सापडलेला), शेरा 'परत बोलावणे'. पुढचा रकाना कोरा. पहिला फोन बंद लागला. दुसऱ्यांदा मुलाने उचलला. रिपोर्ट त्याला सांगायचा नाही, हा आमचा नियम आणि तो योग्यच आहे. मी म्हटलं, 'आईला सांग, दवाखान्यातून फोन होता.' त्याने निरोप दिलाही असेल, पण असल्या निरोपावर कोण उलटा फोन करतं? तिसऱ्यांदा सासूबाई, त्यांना माझी चौकशीच जास्त करायची होती. असे अडीच महिने गेले.

शेवटी ती भेटली तेव्हा कळलं, निरोप तिला पहिल्याच दिवशी मिळाला होता. 'पॉझिटिव्ह म्हणजे झालाच ना ताई? मग उगाच पोरांना कशाला घोर?' असं म्हणाली. इतके दिवस तिने ते एकटीनेच मनात ठेवलं होतं.

कॅन्सर झालेला नव्हता. एचपीव्ही हा विषाणू इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेकांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, पुरुषांनाही. बहुतेक वेळा शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. ज्या थोड्या जणींत त्याचे काही धोकादायक प्रकार वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात, त्यांच्या पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलू लागतात. त्यातूनही कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर ५ ते १०. शत्रू इतका संथ असणं हे आपलं नशीबच, पण या सगळ्या वर्षांत दुखत-खुपत काही नाही. ज्या बायका दुखणंसुद्धा अंगावर काढतात, त्या न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कशाला येतील?

त्या बाईचं पुढे काय झालं? सिस्टरने पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबल्यावर एका बाजूला पांढरा डाग उमटला. कॅन्सरसारखं काही नव्हतं. तापवलेल्या छोट्या सळईने तेवढा भाग जाळला, एका वेळी मिनिटभरही नाही. त्याच दिवशी ती चालत घरी गेली. वहीतला रकाना अडीच महिने कोरा आणि उपचार काही मिनिटांचा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं, पण ब्रिटनची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तिथे पॅप स्मिअरची, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची, तपासणी १९६०च्या दशकातच सुरू झाली. चाचणी होती, डॉक्टर होते, प्रयोगशाळा होत्या. पण जी समोर येईल तिची तपासणी व्हायची. गर्भनिरोधनासाठी किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने येणाऱ्या तरुण मुली पुन्हा पुन्हा तपासल्या जायच्या, आणि धोक्याच्या वयातल्या बायका घरीच राहायच्या. मृत्यू म्हणावे तसे घटेनात. १९८८मध्ये त्यांनी देशभराची यादी केली आणि ठरावीक वयाच्या प्रत्येक बाईला पत्र जाऊ लागलं: तुमची वेळ झाली, या. तपासणी झालेल्यांचं प्रमाण १९८८मध्ये ४२ टक्के होतं, ते १९९४पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलं. काचेची पट्टी तीच आणि सूक्ष्मदर्शकही तोच. वाढलं काय, तर यादी आणि पत्र. आमच्यासारख्या कारकुनांचा भाव वधारवणारी ही गोष्ट मी जरा जास्तच रंगवून सांगते, हे कबूल.

दरवर्षी तपासायला लागत असेल, हाही एक गैरसमज. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९पासून एक मोठा अभ्यास झाला. प्रत्येक गटात ३० ते ५९ वयाच्या तीस हजारांवर बायका. एका गटाची एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा केली. आठ वर्षांनी या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, आणि जिथे नेहमीचीच आरोग्यसेवा होती त्या गटात ६४. पण चाचणी करून ते थांबले नव्हते. ज्यांच्यात काही सापडलं त्यांना शोधून उपचारापर्यंत नेलं होतं.

लस? घ्याच, मुलींना वेळेत द्याच. इंग्लंडमध्ये १२-१३व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटला. रवांडाने २०११मध्ये शाळाशाळांतून सुरुवात करून पहिल्याच फेरीत ९० टक्क्यांहून जास्त मुली गाठल्या. जपानने मात्र २०१३मध्ये दुष्परिणामांच्या बातम्यांनी गांगरून लसीची शिफारस थांबवली, सत्तर टक्क्यांच्या घरातलं लसीकरणाचं प्रमाण एका टक्क्याखाली आलं, आणि शिफारस पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. शरीरात आधीच शिरलेला विषाणू लस घालवत नाही, पुढचा अडवते. आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३०साठी ठेवलेलं लक्ष्य ९०-७०-९० असं आहे: पंधरा वर्षांच्या होईपर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा चांगली चाचणी, आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांपैकी ९० टक्क्यांवर उपचार. पहिल्या नव्वदावर भाषणं होतात. मधल्या सत्तरावर शिबिरं होतात. शेवटचा नव्वद माझ्या वहीत येऊन बसतो.

शिबिरावरून आठवलं. एकदा एका शिबिराचे अर्ज माझ्याकडे आले. अक्षर सुरेख, सगळे रकाने भरलेले. फोन लावायला बसले तर सव्वीस बायकांचा नंबर एकच! अर्ज भरणाऱ्याने स्वतःचा टाकला होता, कारण रकाना रिकामा सोडायचा नाही असं त्याला बजावलेलं. त्याला आता एकही चेहरा आठवत नव्हता. शिबिराचे फोटो मात्र उत्तम आले होते. हल्ली बाईला स्वतःच नमुना घेता येतो, कापसाची काडी आत फिरवायची आणि नळीत घालून द्यायची. आडपडदा, लाज, रांग, बरंच टळतं. चांगलीच सोय आहे. पण नमुने वाढले की पॉझिटिव्हही वाढणार, आणि त्यांना फोन कोण करणार हे आधी ठरवा, यंत्रं मग आणा, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणते. लोक आता कंटाळतात.

अर्जावर मी आता दोन रकाने वाढवून घेतलेत: दुसरा नंबर, आणि 'मोकळेपणाने कधी बोलता येईल'. त्या बेचाळीस वर्षांच्या बाईची पुढची तपासणी उपचारानंतर वर्षाने आहे. तिच्या ओळीत तारीख पडली आहे, आणि शेजारी तिनेच सांगून लिहून घेतलंय: दुपारी तीननंतर, फोन माझ्याच हातात असतो.