तुम्ही विचारलंत म्हणून : गादी, गुडघा आणि शंभर वर्षांचे युद्ध

युरोपच्या मध्ययुगावर मी अधूनमधून बोलतो आणि बोलणे संपले की श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते : इंग्रज आणि फ्रेंच शंभर वर्षे नेमके कशावरून भांडत होते? विचारणाऱ्याजवळ शाळेत पाठ केलेले उत्तरही असते. फ्रान्सची गादी रिकामी झाली, इंग्लंडच्या राजाने तिच्यावर हक्क सांगितला, फ्रेंचांनी तो नाकारला आणि युद्ध पेटले. यातला एकही तपशील खोटा नाही. मला खटकतो तो त्यांचा क्रम. गादी रिकामी झाली १३२८ मध्ये, युद्ध सुरू झाले १३३७ मध्ये आणि तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सचा राजा ही पदवी समारंभपूर्वक धारण केली ती १३४० मध्ये. भांडण गादीचेच असेल तर एवढी वर्षे तो थांबला कशासाठी? आणि दरम्यान ज्याला पुढे त्याने तोतया ठरवले, त्याच फिलीपला, म्हणजे १३२८ मध्ये गादीवर बसलेल्या फ्रान्सच्या राजाला, स्वतःचा धनी म्हणून मान्यता कशी दिली?

उत्तर शोधायला ग्वीयेनमध्ये जावे लागते. नैऋत्य फ्रान्समधला, बोर्दो बंदराभोवतीचा आणि गास्कनीला लागून असलेला हा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे एलिअनॉर या वारसदारणीबरोबर आला. तिने ११५२ मध्ये हेन्री प्लँटॅजनेटशी लग्न केले आणि दोनच वर्षांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला. उत्तर फ्रान्समधली नॉर्मंडी तर १०६६ पासूनच इंग्लंडच्या राजघराण्याशी जोडलेली होती. १२०४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलीपने ती हिसकावून घेतली, आणि पुढच्या काही दशकांत एकेकाळच्या त्या अफाट मुलखातून इंग्लंडच्या राजाकडे मुख्यतः हा नैऋत्येचा तुकडाच उरला. तुकडा म्हटले तरी तो भरघोस होता. बोर्दोहून दरवर्षी द्राक्षमद्याने भरलेली गलबते इंग्लंडला जात आणि त्या मद्यावरच्या जकातीने राजाची तिजोरी भरत असे.

खरी पाचर मारली गेली ती १२५९ च्या पॅरिसच्या तहाने. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने नॉर्मंडीसह गेलेल्या मुलखावरचा हक्क सोडला. त्या बदल्यात ग्वीयेन त्याच्याकडे राहिले, पण फ्रान्सच्या राजाचा मांडलिक या नात्याने. नवव्या लुईच्या सल्लागारांना हा तह फार उदार वाटला. त्यावर लुईचे म्हणणे असे होते की, हेन्री आजवर माझा मांडलिक नव्हता, तो आता झाला. मला वाटते, पुढच्या दोनशे वर्षांचे बीज या एका उत्तरात आहे. मांडलिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हरलेला आणि खंडणी भरणारा राजा येतो. इथे मात्र इंग्लिश खाडीच्या एका काठावर जो स्वयंभू राजा होता, तोच दुसऱ्या काठावर कोणाचा तरी ताबेदार होता, आणि दोन्ही भूमिका एकाच माणसाला वठवायच्या होत्या.

ही ताबेदारी नुसती मानापानाची असती तर कदाचित निभावली असती. पण ग्वीयेनमधला एखादा सरदार किंवा एखादे नगर आपल्या ड्यूकच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या, न्यायनिवाड्यावर नाराज झाले तर त्याला पॅरिसच्या पार्लमाँकडे अपील करता येत असे. हे पार्लमाँ म्हणजे कायदेमंडळ नव्हे, तर फ्रेंच राजाचे सर्वोच्च न्यायालय. अपील चालू असेपर्यंत अर्जदार फ्रेंच राजाच्या संरक्षणाखाली जाई आणि ड्यूकच्या अधिकाऱ्यांना त्याला हात लावता येत नसे. प्रत्येक असंतुष्ट माणूस अशा रीतीने पॅरिसचा हस्तक बनू शकत होता. शिवाय कोणत्याही बाजूला राजा बदलला की धन्यापुढे गुडघा टेकून मांडलिकत्वाची शपथ नव्याने घ्यावी लागे आणि १३१४ नंतरच्या चौदा वर्षांत फ्रान्समध्ये राजे भराभर बदलले. शपथेला विलंब झाला की तक्रार, तक्रारीतून जप्ती. चौथ्या फिलीपने १२९४ मध्ये एकदा ग्वीयेन जप्त केलेच होते.

दुसरी जप्ती सँ-सार्दो नावाच्या एका खेड्यावरून झाली. तिथे तटबंदीचे नवे गाव वसवण्याचे फ्रेंचांनी ठरवले आणि ऑक्टोबर १३२३ मध्ये एका अधिकाऱ्याने राजचिन्हाचा खांब रोवला. शेजारच्या मोंपेझाच्या सरदाराने चालून जाऊन गाव जाळले आणि त्या अधिकाऱ्याला त्याच खांबावर फाशी दिले. १३२४ मध्ये फ्रेंच फौज ग्वीयेनमध्ये शिरली. तिचा सेनापती होता शार्ल द व्हालवा, पुढे राजा झालेल्या सहाव्या फिलीपचा बाप. गादीचा प्रश्न निर्माण होण्यापूर्वीच दोन्ही बाजू एकदा लढून मोकळ्या झाल्या होत्या, हे लक्षात घेतलेले बरे.

आता गादीकडे येऊ. चौथ्या फिलीपचे तिन्ही मुलगे एकामागोमाग राजे झाले आणि मागे मुलगा न ठेवता गेले. थोरल्या लुईला मृत्यूनंतर झालेला मुलगा पाच दिवस जगला, एवढाच अपवाद. १३२८ मध्ये धाकटा शार्ल वारला तेव्हा दोन नावे पुढे आली : त्याची बहीण इझाबेला हिचा मुलगा एडवर्ड आणि चुलतभाऊ फिलीप द व्हालवा. भाचा की चुलतभाऊ, असा हा पेच होता. तो सॅलिक कायद्याने, म्हणजे स्त्रियांना वारसा नाकारणाऱ्या एका जुन्या कायद्याने, सोडवला असे अनेक पुस्तके सांगतात, पण त्या कायद्याचा आधार खूप नंतर शोधून काढला गेला. त्या वेळचा युक्तिवाद साधा होता : जो हक्क आईला नाही, तो ती मुलाला देणार कुठून? शिवाय हक्क आईकडून येतो असे मानले, तर तिन्ही भावांच्या मुली हयात होत्या, त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न उभा राहिला असता. एडवर्ड तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याचा कारभार आई व तिचा साथीदार मॉर्टिमर पाहत होते. फ्रेंच सरदारांनी जवळचा, प्रौढ फिलीप निवडला यात मला नवल वाटत नाही.

आणि एडवर्डने ते पचवले. ६ जून १३२९ रोजी आमियाँच्या कॅथीड्रलमध्ये त्याने फिलीपपुढे मांडलिकत्व पत्करले. फक्त ते कोणत्या प्रकारचे, यावर वकिलांची ओढाताण झाली : ग्वीयेनपुरते साधे, की इतर सर्वांआधी फिलीपशी इमान बांधणारे एकनिष्ठ मांडलिकत्व? आमियाँला मोघम शब्दांवर निभावले. १३३१ मध्ये मात्र एडवर्डने ते एकनिष्ठच समजावे असे लिहून दिले. सिंहासनावर डोळा ठेवून बसलेला माणूस असे पत्र सहसा देत नाही.

पुढे ठिणग्या पडत गेल्या. इंग्रजांच्या स्वारीमुळे स्कॉटलंडचा बालराजा डेव्हिड १३३४ मध्ये फ्रान्सच्या आश्रयाला गेला, आणि इंग्लंडशी होणाऱ्या तहात स्कॉट धरले नाहीत तर तडजोड नाही, असे फिलीपने बजावले. उलट फिलीपचा मेहुणा रोबेर द आर्त्वा खोट्या दस्तऐवजांच्या प्रकरणात परागंदा होऊन एडवर्डकडे आला. आपल्या शत्रूला आसरा दिला, हे कारण दाखवून फिलीपने मे १३३७ मध्ये ग्वीयेन तिसऱ्यांदा जप्त केले. युद्धाची सुरुवात इथून मोजतात, आणि ती एका मांडलिकाच्या जहागिरीच्या जप्तीने झाली आहे.

मग सिंहासनाचा दावा आला कशाला? त्याचे एक उत्तर फ्लाँडर्समध्ये, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियममधल्या एका मुलखात, सापडते. तिथले विणकर इंग्लंडच्या लोकरीवर जगत. इंग्लंडने ती रोखताच तिथल्या घेंट शहरातले माग थंडावले आणि याकोब फान आर्तेव्हेल्देच्या नेतृत्वाखाली नगरे एडवर्डकडे झुकली. पण त्यांचे इमान फ्रान्सच्या राजाशी बांधलेले होते. तोड सोपी निघाली : एडवर्डनेच फ्रान्सचा राजा व्हावे. २६ जानेवारी १३४० रोजी घेंटमध्ये तशी घोषणा झाली आणि त्याच्या ढालीवर इंग्लंडच्या सिंहांबरोबर फ्रान्सची लिलीची फुले आली. बंडखोर मांडलिक एका दिवसात गादीचा दावेदार झाला. वीस वर्षांनी, १३६० च्या ब्रेतिन्यीच्या तहात, विस्तारलेले ग्वीयेन कोणापुढेही न झुकता मिळणार असेल तर तो ही पदवी सोडून द्यायला तयार होता.

ऑक्टोबर १४५३ मध्ये बोर्दो फ्रेंचांच्या हाती कायमचे गेले आणि इतिहासकार युद्धाचा शेवट त्याच वर्षी धरतात. गादीचा दावा मात्र तेव्हा सुटला नव्हता. इंग्लंडचे राजे फ्रान्सचा राजा ही पदवी १८०१ पर्यंत आपल्या नावापुढे लावत राहिले.