ईमच्या वेशीवरचा दगड
आज शेफिल्डहून बसने ईमला जाऊन आले. इंग्लंडच्या डर्बीशरमधलं एवढंसं गाव, पण घरांपुढे हिरव्या पाट्या आहेत, या घरातले कोण कोण प्लेगने गेले त्यांची नावं, आणि त्या वाचत चालताना खरंच घसा दाटून येतो. १६६५ ला लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून प्लेग आला म्हणतात, मग पुढच्या वर्षी रेक्टर म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री विल्यम मॉम्पेसनने सांगितलं की वेशीबाहेर कुणी जायचं नाही म्हणजे आजूबाजूची गावं वाचतील, आणि लोकांनी ऐकलं हो! त्याची स्वतःची बायको पण त्यातच गेली. एलिझाबेथ हॅनकॉकने तर ८ दिवसांत नवरा आणि ६ लेकरं आपल्या हाताने पुरली. लॉकडाऊनमध्ये आपण दारं लावून बसलो पण निदान फोनवर आईचा आवाज तरी ऐकू यायचा, यांना काय होतं?

नंतर शेतातनं चालत वेशीवरच्या दगडापाशी गेले. त्याला ६ भोकं आहेत, नाण्यांवरून रोग पसरू नये म्हणून गावकरी त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक खाण्यापिण्याचं सामान ठेवून जायचे. भोकांच्या कडा अगदी गुळगुळीत झाल्यात. एकात पावसाचं गार पाणी होतं, तळाशी कुणीतरी ठेवलेली पेनी. मी पण एक ठेवली.