तुम्ही विचारलंत म्हणून: लिगामेंट, सुया आणि बर्फ

"गुडघ्याचं लिगामेंट गेलंय, अ‍ॅक्युपंक्चर आणि बर्फाने बरं होईल का, ऑपरेशन टळेल का?" मी फिजिओथेरपी करते, सुयाही लावते, त्यामुळे हा प्रश्न सारखा येतो.

पहिलं म्हणजे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, गेलंय ते कुठलं? आतल्या बाजूचं एमसीएल असेल तर त्याला रक्तपुरवठा चांगला असतो, बहुतेक वेळा ब्रेस म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा आणि व्यायाम यांवर जुळून येतं. एसीएल मात्र सांध्याच्या मधोमध, भोवती सांध्यातलं पाणी, त्यात फाटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळीच टिकत नाही, मग जुळायला धरणार कशाला? सुईने ती टोकं जोडली जात नाहीत, बर्फाने तर नाहीच नाही.

मग हे करायचंच कशाला? दुखणं उतरवायला, आणि माझ्या मते हे काही छोटं काम नाही. गुडघ्याला सूज आली की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपतोच. पेशंट पाय लांब करून बसलेला असतो, मी म्हणते गुडघा खाली गादीवर दाबा, तो जीव तोडून दाबतो आणि वाटीच्या वर नुसती थरथर दिसते, बाकी काही नाही. अशा वेळी आधी बर्फ लावला की तोच स्नायू बऱ्याचदा जरा बरा आवळतो, आणि लगेच व्यायाम करून घेता येतो. सुयांचंही तसंच, केसासारख्या बारीक, वाटीखालच्या दोन खळग्यांत आणि आजूबाजूला लावून २०-३० मिनिटं ठेवायच्या, शरीर स्वतःचं वेदनाशामक एंडॉर्फिन सोडतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा प्लीज.

बर्फ पहिले दोन-तीन दिवस, कापडात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं, दोन-तीन तासांनी परत. गुडघ्याच्या बाहेरून थोडं खाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथे पाऊल वर उचलणारी नस अगदी कातडीखालून जाते, त्यावर बर्फ घट्ट बांधून झोपून जाऊ नका, पाऊल लुळं पडू शकतं. आणि आठवडेच्या आठवडे सतत बर्फ मला पटत नाही. १९७८ मध्ये आराम-बर्फ-दाब-उंची हा फॉर्म्युला देणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे लिहिलं की बर्फाने भरून यायला उशीर लागू शकतो. चिनी परंपरेतले वैद्य तर जखमेला गारवा नकोच म्हणतात.

एक मात्र कळकळीने सांगते, सुया लावून दुखायचं थांबलं म्हणून लगेच खेळायला उतरू नका, दुखणं गेलं तरी गुडघा ढिलाच असू शकतो. मार लागताना 'कट्' आवाज आला, दोन तासांत गुडघा टम्म सुजला, पायावर भार देता येत नाही, गुडघा अडकतो किंवा जिन्यात दगा देतो, असं काही असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा, एमआरआय लागला तर करून घ्या, सुयांचं नंतर बघू.